मतदान नको, चालतं ते दाखवा

25 फेब्रुवारी 1993. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातला मार्क अँड्रीसन हा एकवीस वर्षांचा तरुण वेबवर काम करणाऱ्या मोजक्या लोकांना ई-मेल पाठवतो. वेबपानात मजकुराच्या शेजारीच चित्र दाखवता यावं, त्यासाठी ‘आयएमजी’ नावाचा नवा टॅग घेऊ या, असं त्यात म्हटलेलं असतं. तोवर चित्र बघायचं तर बहुतेक ब्राउझरांत ते वेगळ्या खिडकीत उघडावं लागे. उत्तरं भराभर आली. कुणी म्हणालं, आमच्या ब्राउझरमध्ये असंच काहीसं आधीपासून आहे. कुणी म्हणालं, चित्रापुरतंच कशाला, कुठलीही फाइल पानात बसवता येईल असा एकच टॅग करा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांना वाटत होतं की, दुव्यासाठी जो टॅग आहे त्यालाच हेही काम सांगावं. चर्चा लांबत गेली. अँड्रीसन आणि त्याचे सहकारी दरम्यान कोड लिहीत होते. त्यांचा ‘मोझॅक’ ब्राउझर त्याच वर्षी बाहेर पडला, त्यात ‘आयएमजी’ होता आणि लोकांनी तो उचलून धरला. बाकीच्या सूचनांपैकी एखादी जास्त नेटकी होती असं आजही म्हणता येईल, पण ती कुणाच्या पडद्यावर चालत नव्हती. बातमीतला फोटो असो की लग्नपत्रिकेवरचा गणपती, वेबपानावर चित्र घालायला आजही प्रामुख्यानं तोच टॅग वापरला जातो.

वेबचे नियम कसे ठरतात, याचं बरंचसं रहस्य या एका किश्श्यात आहे. आयएसआयचा शिक्का नसलेला प्रेशर कुकर विकला तर आपल्याकडे कायदा आडवा येतो. वेबला असा कुठलाही शिक्का नाही, निरीक्षक नाही, दंड नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांनी एखादं मानक पाळलं नाही, तर त्यांना कुणी कोर्टात खेचत नाही. तरीही पुण्यात लिहिलेलं पान टोरांटोतल्या फोनवर, दुसऱ्याच कंपनीच्या ब्राउझरमध्ये, जवळपास तसंच उमटतं. सक्तीशिवाय इतकी शिस्त आली कुठून, हा प्रश्न मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, वेब कुणाच्या मालकीची नाही. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत ती जन्मली आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्ननं तिचं मूळ सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1994 मध्ये, बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ म्हणजे डब्ल्यूथ्रीसी ही संस्था उभी केली. मात्र सगळे नियम या एकाच छपराखाली ठरतात असं नाही. पानाची मांडणी आणि रंगरूप सांगणारी सीएसएस डब्ल्यूथ्रीसीकडे आहे. पान एका संगणकावरून दुसऱ्याकडे नेणारी एचटीटीपी ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ म्हणजे आयईटीएफकडे. जावास्क्रिप्ट ‘एक्मा’च्या टीसी-39 या समितीकडे, एचटीएमएल ‘व्हॉटडब्ल्यूजी’ या गटाकडे आणि जगातल्या लिप्यांची अक्षरं युनिकोड कन्सॉर्शियमकडे. प्रत्येक घराची रीत वेगळी.

यातली सर्वांत विलक्षण रीत आयईटीएफची. 1986 च्या जानेवारीत सॅन दिएगोत तिची पहिली बैठक भरली, तेव्हा खोलीत 21 जण होते. आजही या संस्थेला सदस्यत्व नाही. जो येतो तो व्यक्ती म्हणून येतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नाही, निदान नियम तरी तसा आहे. मतदान तर नाहीच. इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक डेव्हिड क्लार्क यांनी 1992 साली या संस्थेचा बाणा सांगितला, तो तिथल्या प्रत्येकाला पाठ असतो: राजे नकोत, राष्ट्राध्यक्ष नकोत, मतदान नको; ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर आमचा विश्वास आहे.

ढोबळ सहमती मोजायची कशी? तिथे हुंकार देतात. कार्यगटाचा अध्यक्ष सभागृहाला विचारतो, ‘पहिला पर्याय ज्यांना पटतो त्यांनी हुंकार द्या.’ बंद ओठांतून ‘हूं’ असा घुमणारा आवाज उठतो. मग दुसऱ्या पर्यायासाठी. कोण कुठल्या बाजूला आहे हे दिसत नाही, त्यामुळे वरिष्ठाकडे बघून हात वर करण्याचा प्रश्न उरत नाही. आकडाही हाती लागत नाही, आणि तो लागू नये हाच हेतू. हुंकारातून फक्त हवेचा रोख कळतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. विरोधात हुंकार देणाऱ्यांना विचारलं जातं की, अडचण नेमकी कशात आहे? ती तांत्रिक असेल तर तिचं उत्तर द्यावंच लागतं, मग बोलणारा एकटा का असेना. हुंकारांविषयीचा एक स्वतंत्र दस्तऐवजच 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यातला युक्तिवाद पहिल्यांदा वाचताना चमकायला होतं. बाजूनं पाच आणि विरोधात शंभर असले तरी ढोबळ सहमती असू शकते, असं तो सांगतो; शंभरांच्या प्रत्येक हरकतीचा विचार होऊन तिचं समाधानकारक उत्तर मिळालेलं असलं की झालं. शिवाय सभागृहात ठरलेलं अखेरचं मानलं जात नाही. प्रवासखर्च न परवडणाऱ्याचा आक्षेपही तितकाच मोलाचा, म्हणून निर्णय ई-मेलवरच्या चर्चेत पुन्हा पक्का करून घ्यावा लागतो.

आयईटीएफच्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. ही मालिका आयईटीएफहूनही जुनी आहे. पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी 7 एप्रिल 1969 रोजी लिहिला, तेव्हा वेब सोडाच, इंटरनेट हे नावही रुळलेलं नव्हतं. आज मसुदा आधी ‘इंटरनेट ड्राफ्ट’ म्हणून येतो आणि सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही तर आपोआप मुदतबाह्य होतो. टिकलेला मसुदा कार्यगटातून वरच्या सुकाणू मंडळाकडे जातो. तिथे जगातल्या कुणालाही शेवटची हरकत घेण्यासाठी मुदत दिली जाते, आणि मगच त्याला क्रमांक मिळतो. एकदा क्रमांक मिळाला की त्या दस्तऐवजातलं अक्षरही बदलत नाही. सुधारणा करायची तर नवा आरएफसी लिहावा लागतो. एचटीटीपीची 1.1 ही आवृत्ती 1999 साली आरएफसी 2616 मध्ये सुधारून मांडली गेली, 2014 मध्ये सहा दस्तऐवजांत विभागली गेली आणि 2022 मध्ये पुन्हा नव्यानं लिहिली गेली. पानं ज्या भाषेत मागवली आणि पाठवली जातात, तिचं व्याकरण असं सतत घासूनपुसून घेतलं जातं.

डब्ल्यूथ्रीसीत मात्र सदस्य असतात. त्यांची संख्या साडेतीनशेच्या घरात आहे. त्यांत मोठ्या कंपन्या, विद्यापीठं, सरकारी आणि स्वयंसेवी संस्था आहेत. मसुदा कार्यगटात शिजतो, सार्वजनिक ठिकाणी पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होतो. वेगवेगळे गट तो आपापल्या नजरेतून तपासतात: अंध माणसाला हे वापरता येईल का, उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्याचं काय, यातून कुणाची खासगी माहिती फुटेल का. नंतर तो ‘कँडिडेट रेकमेंडेशन’ म्हणजे उमेदवार शिफारस होतो. इथे परीक्षा सुरू होते. निरनिराळ्या लोकांनी एकमेकांचा कोड न उचलता, फक्त दस्तऐवज वाचून ते तंत्र बांधावं आणि सगळ्यांकडे निकाल सारखाच यावा, अशी अपेक्षा असते. तसा पुरावा हाती आला की सदस्यांची मतं मागवून अंतिम शिफारस जाहीर होते.

ही अट वरवर पाहता साधी वाटते. तिचं दात असलेलं रूप बघायचं तर ‘वेब एसक्यूएल’ची हकिकत पाहावी. ब्राउझरमध्येच माहितीचा साठा ठेवता यावा, म्हणून हे तंत्र पुढे आलं होतं. ते चालत होतं, लोकांना आवडत होतं, बऱ्याच फोनवर पोहोचलंही होतं. तरी नोव्हेंबर 2010 मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं त्यावरचं काम थांबवलं. कारण असं की ज्यांनी ज्यांनी ते बांधलं, त्या सगळ्यांनी आत ‘एसक्यूलाइट’ हे एकच सॉफ्टवेअर बसवलं होतं. मग मानक म्हणजे काय उरलं? एसक्यूलाइट जे करेल ते. त्यात एखादी चूक असली, तर तीच नियम झाली असती. दस्तऐवज पुरेसा स्पष्ट आहे की नाही हे ठरवायला तो स्वतंत्रपणे वाचणारा दुसरा कुणी नव्हता. चालणारं तंत्र अशा कारणासाठी बाजूला ठेवणं अनेक प्रोग्रामरांना अजूनही खटकतं. पण या व्यवस्थेनं घेतलेल्या सर्वांत प्रामाणिक निर्णयांत त्याची गणना करायला हवी.

या सावधपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. सीएसएसची दुसरी आवृत्ती मे 1998 मध्ये आली. तिच्यातली संदिग्धता दूर करणारी 2.1 ही आवृत्ती अंतिम व्हायला जून 2011 उजाडलं. तेरा वर्षं! त्या काळात नेटस्केप मागे पडला, फायरफॉक्स आणि क्रोम जन्मले, आयफोन आला.

आणि एकदा जगात पसरलेली चूक परत घेता येत नाही. वाचक कुठल्या पानावरून आला हे सर्व्हरला कळवण्यासाठी ब्राउझर एक ओळ पाठवतो. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे तिच्या नावात मधे दोन ‘आर’ हवेत. 1996 च्या आरएफसी 1945 मध्ये एकच छापला गेला. लक्षात येईपर्यंत जगभरच्या सर्व्हरांनी तोच स्वीकारला होता. आजही जगातला प्रत्येक ब्राउझर ते नाव चुकीच्याच स्पेलिंगनं पाठवतो.

2018 साली याच अडचणीनं टीसी-39 ला गाठलं. यादीच्या आतल्या याद्या उलगडून एक सपाट यादी करणारी सोय जावास्क्रिप्टमध्ये यायची होती, तिचं नाव ‘फ्लॅटन’ ठरलं होतं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातली आणि एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडलं. त्या संकेतस्थळावर ‘मूटूल्स’ हे कितीतरी वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यात त्याच नावाची, थोडं वेगळं वागणारी सोय होती. मूटूल्स तोवर बहुतेकांनी सोडून दिलं होतं. ‘मोडू दे की जुनं, त्यांनी दुरुस्त करावं,’ असं म्हणणारेही होते. पण ज्या पानांचा कर्ता आता हयात नाही, किंवा ज्या छोट्या संस्थेकडे दुरुस्तीला पैसे नाहीत, त्यांचं काय? समितीनं नाव बदलून ‘फ्लॅट’ केलं. वीस वर्षांपूर्वीचं पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं, ते अशा माघारींमुळे.

सगळीच भांडणं इतक्या समजुतीनं मिटली नाहीत. जून 2004 मध्ये सॅन होजेत डब्ल्यूथ्रीसीची कार्यशाळा भरली. संस्थेला एचटीएमएल मागे ठेवून एक्सएचटीएमएल या कडक शिस्तीच्या भाषेकडे जायचं होतं. त्या शिस्तीत एक कंस चुकला तरी वाचकाला पानाऐवजी त्रुटीचा संदेश दिसे. मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्यांनी सुचवलं की, लोक आज जे एचटीएमएल लिहितात त्यातच भर घालू या. कौल घेतला तेव्हा बाजूनं 8 आणि विरोधात 14 मतं पडली. त्याच आठवड्यात, 4 जूनला, मोझिला, ऑपेरा आणि ॲपलमधल्या लोकांनी ‘व्हॉटडब्ल्यूजी’ हा वेगळा गट जाहीर केला. या गटाचे संपादक इयन हिक्सन यांनी पूर्वी कुणी न केलेलं काम हाती घेतलं: चुकीचं लिहिलेलं पान ब्राउझरनं कसं समजून घ्यावं, याचेच पायरीपायरीनं नियम लिहून काढले. लोक चुका करणारच, हे गृहीत धरून. 2007 मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं हे काम पायाभूत म्हणून स्वीकारलं, 2009 मध्ये एक्सएचटीएमएलची दुसरी आवृत्ती सोडून दिली आणि ऑक्टोबर 2014 मध्ये एचटीएमएल-5 ची शिफारस केली. तरी दोन घरांत दोन प्रती राहिल्या. मे 2019 मध्ये करार झाला आणि एचटीएमएल व्हॉटडब्ल्यूजीकडे, ‘जिवंत मानक’ म्हणून, कायमचं गेलं. त्याला आता आवृत्तीचा क्रमांक नाही. ते रोज थोडंथोडं बदलतं.

याच प्रक्रियेत वेबच्या मोकळेपणावरचे मोठे वाद लढले गेले. 2001 मध्ये डब्ल्यूथ्रीसीत असा प्रस्ताव आला की, मानकांत पेटंट असलेलं तंत्र घालू द्यावं आणि त्यासाठी ‘वाजवी’ शुल्क घेता यावं. सामान्य प्रोग्रामरांनी हरकतींचा पाऊस पाडला. प्रस्ताव मागे पडला आणि फेब्रुवारी 2004 पासून नियम उलटा झाला: कार्यगटात बसणाऱ्यानं त्या मानकाला आवश्यक असलेली आपली पेटंटं विनामूल्य वापरू द्यायची. एखादा विद्यार्थी घरबसल्या ब्राउझर लिहायला घेतो आणि त्याला परवाना शुल्काची नोटीस येत नाही, ते यामुळे. संस्थेच्या इतिहासातलं हे मोठंच कर्तृत्व आहे.

2017 मधला निकाल मात्र अनेकांच्या जिव्हारी लागला. चित्रपटांना कुलूप घालणाऱ्या तंत्राशी ब्राउझरनं कसं बोलावं, याचं मानक मंजुरीला आलं होतं. ते कुलूप तपासणाऱ्या सुरक्षा-संशोधकांवर खटले भरणार नाही असं वचन सदस्यांनी द्यावं, एवढी डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन’ या सदस्य संस्थेची मागणी होती. ती मान्य न होताच मंजुरी मिळाली. फाउंडेशननं अपील केलं. डब्ल्यूथ्रीसीच्या इतिहासातलं ते पहिलंच. त्यावरच्या मतदानात 108 सदस्य मानकाच्या बाजूनं, 57 विरोधात, 20 तटस्थ. सप्टेंबरमध्ये शिफारस जाहीर झाली आणि त्याच दिवशी फाउंडेशननं राजीनामा दिला. सहमतीवर चालणाऱ्या संस्थेत इतका विरोध शिल्लक असताना पुढे जाणं योग्य नव्हतं. तेव्हा शेवटचा शब्द संचालक म्हणून बर्नर्स-ली यांचा होता. आता संस्था त्यांच्याविना चालते. औपचारिक हरकतींवर निवाडा करायला निवडून आलेल्या आणि नेमलेल्या सदस्यांची परिषद बसते.

कुणाचं म्हणणं टेबलापर्यंत पोहोचतं, याचं उत्तर बरेचदा पैशात सापडतं. पानाची आडव्या-उभ्या चौकटींत मांडणी करणारं ‘सीएसएस ग्रिड’ मायक्रोसॉफ्टनं 2011 मध्ये सुचवलं होतं. मार्च 2017 मध्ये ते फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत एकाच महिन्यात आलं. त्यातल्या क्रोम आणि सफारीतल्या कामामागे स्पेनमधल्या ‘इगालिया’ या सहकारी तत्त्वावरच्या कंपनीचं कित्येक वर्षांचं काम होतं आणि त्याचा खर्च आर्थिक माहिती पुरवणाऱ्या ब्लूमबर्ग कंपनीनं उचलला होता, कारण त्यांना आपल्या पडद्यांसाठी अशी मांडणी हवी होती. ज्याला गरज आहे त्यानं माणूस बसवला, म्हणून ती सोय सगळ्यांना मिळाली.

मराठीलाही हे लागू पडतं. देवनागरीचा युनिकोडमधला तक्ता भारताच्या ‘इस्की’ या मानकावरून घेतलेला आहे आणि त्यात मराठीच्या खास गरजा टप्प्याटप्प्यानं आल्या. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द. दऱ्यातला पापणीसारखा अर्धा र लिहायला युनिकोडनं आधी एक क्रम सांगितला, पुढे दुसरा. मागचं काही पुसायचं नाही हा इथलाही दंडक, म्हणून दोन्ही क्रम आजही चालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे वाटतात. एका क्रमानं टाइप केलेला ‘वाऱ्यावर’ दुसऱ्या क्रमानं शोधला तर सापडेलच असं नाही. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे 2008 मध्ये, युनिकोड 5.1 मध्ये आलं. रुपयाच्या चिन्हाचं याउलट. आयआयटी मुंबईशी संबंधित डी. उदय कुमार यांचं चिन्ह सरकारनं 15 जुलै 2010 रोजी स्वीकारलं आणि ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये दाखलही झालं. मागे सरकार उभं असलं की गाडी अशी धावते.

जोडाक्षरांना तेवढं भाग्य लाभलं नाही. ‘अक्षर’ कुठे संपतं याचे जे युनिकोडचे नियम आहेत, त्यांत ‘स्त्री’ हे एक अक्षर मानलं जात नव्हतं. स्, त् आणि री असे तीन तुकडे व्हायचे. सप्टेंबर 2023 मधल्या 15.1 या आवृत्तीनं देवनागरी, बंगाली, गुजराती अशा लिप्यांसाठी नियम बदलला आणि ‘स्त्री’ एकसंध झाली. नियमावलीत बदल झाला म्हणून प्रत्येक ॲपमध्ये तो लगेच उतरतो असं नाही.

डब्ल्यूथ्रीसीच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या गटाकडे देवनागरीसाठी वेगळे दस्तऐवज आहेत. लिपीला पडद्यावर काय लागतं आणि ब्राउझर कुठे कमी पडतात, याची नोंद त्यांत होते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करताना पूर्ण जोडाक्षर घेतलं जातं का, अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते त्याचं काय करायचं, असे मुद्दे त्यांत येतात. अशी हरकत नोंदवायला सदस्यत्व लागत नाही की वर्गणी. छापील पुस्तकात ते कसं दिसतं आणि ब्राउझरमध्ये कसं दिसतं, याची दोन चित्रं आणि चार ओळींचा खुलासा पुरतो. मसुदा पुढच्या पायरीवर नेण्याआधी कार्यगटाला त्या हरकतीचं काय केलं, ते सर्वांसमोर लेखी सांगावं लागतं.